तापाचे तीन दिवस

लाखनी, ५ ऑक्टोबर

प्रिय साधना,

तलावाखालच्या बांधीतलं धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. कडेला धुऱ्यालगत तू रोवलेल्या दोन ओळी जरा वाकड्या आहेत. इतरांना दिसणार नाहीत, मला दिसतात.

दुकानात एक जुनी मोटार वाइंडिंगला आलीय, तशीच आपल्या लग्नाच्या वर्षी आली होती. मला कोणी शिकवलं नव्हतं. जळकी मोटार उकलून, एकेक वेढा मोजून शिकलो. तू शेजारी बसून मोजायचीस. एकदा मी अडुसष्ट म्हणालो, तू सदुसष्ट. मी चिडलो. तू सगळी तार उलगडायला लावलीस, सदुसष्टच निघाले. "कसे मास्तर, आता मले गुरू करता का?" असं आठवडाभर चिडवलंस. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

तुला माहेरी अड्याळला जाऊन दोन महिने झाले. तुझे इश्वरभाऊ फोनवर सांगतात, उजव्या हातानं कप धरतेस, "पाणी" स्पष्ट म्हणतेस. मग दर वेळी तेच: "पोरीनं दुखणं अंगावर काढलं, कोणाले सांगतलं नाही." तूही मान हलवतेस म्हणे. मी नुसतं हूं म्हणतो.

तुझी फाइल मला पाठ आहे. लकव्याचा झटका दुपारी एक दहाला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात दोन पंचवीसला. पहिल्या रक्ततपासणीत सीआरपी ८४. असायला हवा पाचाच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातला दाह वाढला की हा आकडा चढतो, आणि तो चढलेला असला की लकव्याचा मारही बहुधा मोठा असतो. "पण तासाभरात एवढा चढत नाही. आधी ताप होता का?" मी म्हणालो, नाही.

ताप होता, साधना. रोवणीत तुझ्या पायाला शिंपला लागला, ती जखम मीच बांधली. थर्मामीटर मीच लावला, आकडे वहीत लिहीत गेलो: १००.४, १०१.२, १०२. तिसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "लिहून काय राहिले, मले दवाखान्यात घेऊन चला ना." मी म्हणालो, मला कळतं. त्याच दुपारी तुला झटका आला. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. ताप नसता तर झटका टळला असता का, हे त्यांनाही सांगता आलं नाही. पण तू काही अंगावर काढलं नव्हतंस. रविवारी येऊन भाऊंना हे सांगणार आहे. आधी तुला कळावं म्हणून लिहिलं. माझ्यासोबत परत यायचं की नाही, ते तू सांग. शब्दाला कितीही वेळ लागू दे, तुझ्या वतीनं मी बोलणार नाही.

अजून म्हणू देशील तर,
तुझाच
चंद्रकुमार