मांडव्याची ढाल आणि माझा प्लॅन

३ जानेवारी १९६२
यंदा कबड्डीची ढाल मांडव्यालाच. टीमचा सेक्रेटरी म्हणून मी, गुणाजी, ठाम. वस्ताद बाळाजी म्हणतात, पोरं कोवळी हायत, दोन वर्षं थांब. थांबायला मी काय जेटीचा खांब आहे?

९ जानेवारी
सौदा पक्का! शेजारच्या रेवसचा नामी गडी बुधाजी आपला. बदल्यात सदा, भिकू आणि माझा धाकटा भाऊ अनंता रेवसकडून खेळणार. केसर म्हणाली, अनंताला इचारलात का? बायकोला ॲडमिनिस्ट्रेशन कळत नाही. अनंता जेवायला घरीच येतो, पण माझ्याशी बोलत नाही. खेळाडूने भावना आवरायला शिकावं.

१५ जानेवारी
बुधाजी आला. कंबर धरून बसतो. फायनलसाठी ताकद राखतोय. जेवणात मात्र राखत नाही.

२२ जानेवारी
बुधाजीला जोडीदार हवा. रेवसचा तुकाराम पकडीत जबर. द्यायला पोरं उरली नाहीत, म्हणून शेजारच्या चंद्राबाईच्या सुनेला होणारा मुलगा रेवसला लिहून दिला. मुलगी झाल्यास काय, हा मुद्दा पेंडिंग.

२३ जानेवारी
चंद्राबाई कोयता घेऊन आली. मी माळ्यावर. खालून ओरडत होती, माज्या नातवाला इकतोस व्हय रं? लोकांना फ्युचर समजत नाही.

४ फेब्रुवारी
ढालीची फायनल. समोर रेवस. सातवा गडी मिळेना, मीच उतरलो. बुधाजी पहिल्याच चढाईत कंबर धरून मधल्या रेघेवर बसला. उचलून न्यावा लागला. तुकारामला लांबचं दिसत नाही, हे तेव्हा समजलं. रेवसचा गडी समजून त्याने दोनदा मलाच पकडलं. पकड मात्र खरंच जबर.
शेवटी मी एकटाच उरलो. चढाईला अनंता. कानाशी येऊन हळूच म्हणाला, दादा, बाजूला हो, लागंल तुला. आणि नुसतं खांद्याला बोट लावून गेला. तेवढ्यानेही मी पडलो. टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्या केसरच्या.

७ फेब्रुवारी
कमिटीची सभा. बाळाजींनी सुचवलं, गुणाजीला रेवसला देऊन अनंताला परत आणू. मी मनातून सुखावलो. आपल्यालाही मागणी आहे तर!

९ फेब्रुवारी
रेवसचा निरोप आला. अनंता मिळणार नाही. गुणाजी नको. वाटल्यास सदाला तसाच परत देतो, पण गुणाजीला तुमच्याकडंच ठेवा.
सदाला घेऊन मला ठेवायचा ठराव कमिटीत एकमताने पास. माझंही मत धरलं.

१२ फेब्रुवारी
सदा आला. मला कमिटीने मैदानावर यायची मनाई केली. संध्याकाळी ओटीवर बसून नुसता आवाज ऐकला.
बरे खेळतात.