नववा शब्द

९ नोव्हेंबर

मयुरीनं लिहिलं, ‘आज मला बरं वाटलं.’ वाचून दाखवलं तवा पकडली. मी ‘मला’ कवा म्हटलं? मी ‘मले’ म्हटलं! खोडून पुन्हा लिहाले लावलं. तू पगारी कारकून नाई, माही नात होय — बोलते तसं लिहिजो.

आमचा सौदा असा हाय. ही वर्ध्याले नर्सिंगच्या पहिल्या वर्षाले. संध्याकाळी एसटीनं हिंगणीले येते, हातपाय धुतले का इंग्रजी शब्द घोकते. तिचे शब्द मी म्हणून घ्याचे, माही रोजनिशी तिनं लिहाची. डायरी बियाण्याच्या दुकानातली, फुकटची. वरती कापसाचं बोंड छापलं हाय.

११ नोव्हेंबर

आज नवा कागद. मॅडमनं सांगतलं म्हणे, एका शेपटीचे शब्द संगच घोका. शेपटीत तीन अक्षरं — एक भाकरीसारखं गोल, एकाले दोन कमानी, अन् शेवटी पोटुशी बाई. नऊ ओळी. मी बोट ठेवून मोजल्या.

डिप्लोमा म्हणजे शिकल्याचा कागद. अरोमा म्हणजे सुवास. कोमा म्हणजे माणूस जित्ता, पण हाक पोचत नाई. ग्लॉकोमा काचबिंदू, ट्रॅकोमा खुपऱ्या. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, लायपोमा चरबीची गाठ. स्टोमा म्हणजे पोटाले डॉक्टरनं पाडलेलं तोंड — इथं एका तोंडानं घरात एवढे भांडणं! कार्सिनोमा म्हणजे कर्करोग.

सुवास अन् कर्करोग एका पंगतीत बसवले. मॅडम मोठी धीट दिसते.

दोनदा ऐकले, पाठ झाले. मयुरी पाहातच राह्यली. अवं, विहारातली पालीतली वंदना मी ऐकूनच पाठ केली. नऊ शब्द काय चीज हाय?

१५ नोव्हेंबर

मयुरी पाठ घासून देत होती. काखेतली गाठ तिच्या हाताले लागली. कवाची हाय, आजी? मले काय माहीत, मी काय तिचा वाढदिवस करते?

लगेच बापाले सांगाले पळाली. चुगलखोर.

१८ नोव्हेंबर

सावंगीच्या दवाखान्यात गेलो. माहा पोरगा हरिदास, मी अन् मयुरी. छाती मशीनीत दाबली, गाठीचा तुकडा काढला. मयुरीनं हात धरला होता. तिचाच हात थंडगार. मंग मीच दाबत बसली.

२५ नोव्हेंबर

रिपोर्ट आणाले हरिदास एकटाच गेलता. आला तं चपला न काढता अंगणातच बसला. मंग म्हणे, माय, चरबीची गाठ हाय, काढून टाकू, सोमवारीच भरती होऊ.

मयुरीनं कागद पाह्यला अन् पाणी भराले गेली. पाण्याचे हंडे-गुंड सारे भरलेलेच होते.

२६ नोव्हेंबर

आज शब्द घेतले. डिप्लोमापासून स्टोमापर्यंत म्हटले तिनं अन् कागदाची घडी केली. माह्यं बोट नवव्या ओळीवर होतं.

म्हटलं, एक राह्यला ना.

म्हणे, मॅडमनं तो काढून टाकला, आजी. परीक्षेत नाई येत.

बरं. मॅडमचा कागद, मॅडमची मर्जी.

२९ नोव्हेंबर

मयुरी म्हणते यंदा परीक्षा देत नाई, तुह्यापाशी राहते. चरबीच्या गाठीसाठी साल घालवते काय पोरी? मी बी सांगून टाकलं — तुहा शेवटचा पेपर नऊ तारखेले. तो झाला का मी भरती होईन. पहिले नाई.

हरिदास तापला. उशीर नको माय, उशीर नको. म्हटलं, चरबीले कायची घाई? तिले काय गाडी पकडाची हाय?

तो भिताडाकडं तोंड करून उभा राह्यला. पोराले असं गप केलं, ते मले बरं नाई वाटलं.

मंग त्यानं डॉक्टरले फोन केला. डॉक्टर म्हणे दहा तारीख, त्यावर एक दिवस नाई.

(वाचून दाखवताना मयुरीनं ‘बरं नाई वाटलं’ गाळलं. परत लिहून घेतलं.)

२ डिसेंबर

आठ शब्द. आजही आठच.

४ डिसेंबर

मयुरीचा आजा मले अक्षरं शिकवतो म्हणे. नवी पाटी आणली होती. मी म्हटलं, कापसाची पऱ्हाटी सरू द्या. पऱ्हाटी काई सरली नाई, तोच सरला. पाटीवर मी पापड वाळवले.

आज पहिल्यांदा वाटलं, शिकाले पाह्यजे होतं. काही ओळी आपल्याच हातानं लिहाच्या असतात. दुसऱ्याच्या हाताले त्या जड जातात.

मयुरी विचारते, कोणत्या ओळी? म्हटलं, तू लिही, विचारू नको.

७ डिसेंबर

निळी साडी पेटीतून काढून मयुरीले दिली. डिप्लोमा घ्याले जाशीन तवा नेसजो. म्हणे, तवा दे ना तू तुह्या हातानं. म्हटलं, तवर मी विसरली तं?

मी काही विसरत नाई, हे तिले माहीत हाय. तिनं साडीची घडी मोडली, पुन्हा तीच घडी घातली. चार वेळा.

९ डिसेंबर

पेपर झाला. चांगला गेला म्हणे. उद्या सावंगी, पिशवी भरून ठेवली.

आता लिही. नववा शब्द कार्सिनोमा. म्हणजे कर्करोग. पहिल्या दिवशी तूच शिकवला, अन् रिपोर्ट आला तवापासून तूच गाळला. हात थांबवू नको पोरी. डोळे मंग पूस.

अन् आता वाचून दाखव. नऊच्या नऊ.