गिऱ्हाइकात कोण असंल

७ ऑक्टोबर, मंगळवार
रात्री कोजागिरीचं दूध प्यालो अन् आज दोघी कामावर. मी अन् माझी नात कोमल. शहागंजच्या साडीच्या दुकानात ती दोन सालापासून साड्या दाखवती. मला आजपासून दिवाळीपुरतं घेतलं, घड्या घालायला. गिऱ्हाईक उघडून उघडून ढीग करतं, मी मागं बसून परत घडी घालते. पहिल्या घडीवरच बसली पाहिजे, नायतर कोरी साडी नेसलेली वाटती. चहा दोनदा. डोक्यावर गार हवा. हर्सूलला आमच्या गल्लीत सांगितलं तर म्हणतात, मावशी, तुमची तर मजाच हाय. मजाच हाय.

कोमल ड्रेसवरच साडी नेसून दाखवती. कमरेला पट्टा, त्याच्यात भराभर निऱ्या खोसायच्या अन् पदर सोडून आरशापुढं फिरायचं. साधी साडीबी तिच्यावर पैठणीवानी दिसती. मी बघत बसते अन् माझी घडी वाकडी होती. चांदभाई म्हणून जुने सेल्समन हाईत, ते म्हणले अम्मा, नातीला घरी बघा, इथं साडी बघा.

ही डायरी दुकानाची, मागच्या सालची. कोमलनं दिली, हिच्यात तिला को. लिहिते. म्हणली, आजी तू लई बोलतीस, थोडं हिच्यापाशी बोल. चौथी शिकलेली मी. पण येतं की.

९ ऑक्टोबर, गुरुवार
वेरूळहून कौसाचा फोन. माझी धाकटी जाऊ. को.साठी स्थळ आणलं. कन्नडकडचं. पोरगा सरकारी हापिसात, घरची ओली शेती, देणंघेणं काही नको. माझ्या पायातलं दुखणंच गेलं.

याच्या आधी दोन स्थळं फोटो बघूनच गेली. रंगावरून. तोंडावर कोणी म्हणलं नाय पण कळतं ना.

ही माणसं फोटो नको म्हणतात, कांदेपोहेबी नको. दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाईक म्हणून दुकानात येणार अन् पोरगी कामात कशी हाय ते बघून जाणार. कोण येणार, कवा येणार, सांगणार नाय. कौसा म्हणली, बाई, पोरीला जपून वागू दे. मला काही नवल वाटलं नाय. माझ्या सासूनं मला भुईमुगाच्या शेंगा तोडताना बांधावरून बघितलं व्हतं. मी तिला कोणाची म्हातारी वाट चुकली समजून पाणी पाजलं. लग्नात तोंड बघितलं तवा वळखलं. पुढं सगळं बरं झालं. सासू जरा तापट व्हती, पण बरं झालं.

को.ला बसवून सांगितलं. कोण असंल काय सांगावं, कोणी काही बोललं तरी उलटून बोलायचं नाय. ती तोंडाची फटकळ. मागच्या दिवाळीत एकीनं ए पोरी म्हणून हाक मारली, तर ही म्हणली काय ए बाई. सगळं दुकान हसलं, ती बाईबी हसली. तसं आता नको.
ती म्हणली, "म्हंजी आजी, दिवाळीपस्तोर सगळ्या माझ्या सासूच?"
म्हणलं व्हय, सगळ्याच. लई हसलो दोघी.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाय ठेवायला जागा नाय. माणसं घरी कशी बोलतात काय माहीत, दुकानात तर जिभेला हाडच नाय. एक जणी चुटकी वाजवून बोलावती. एकीचं लेकरू बूट घालून पांढऱ्या गादीवर नाचलं, को.नं नुसतं धरून खाली ठेवलं तर आई म्हणली, हात लावू नको माझ्या पोराला. एका माणसानं बायकोचा राग को.वर काढला.

एक म्हणली, तुझ्या अंगावर रंग कळंना, ती गोरी पोरगी बोलव. को. गेली, बोलवून आणली, अन् बाजूला उभं राहून तिला पदर धरू लागली.

मी दर बाईकडं बघते. हीच का? हिचं कुंकू मोठं हाय, ही असंल. हिच्यासंगं पोरगा हाय, ही असंल. सगळ्यांना पाणी देते. मालक म्हणले मावशी, घड्या घाला, पाणी द्यायला दुसरं माणूस हाय.

को.नं एकीलाबी उलट जबाब दिला नाय. मला लई खुशी झाली. रिक्षात म्हणलं, शाबास माझी वाघीण. ती बाहेर बघत व्हती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आली! मला वळखू आली. हिरव्या नऊवारीतली बाई, मऊ बोलणं, कन्नडकडून आलो म्हणली. को.ला म्हणली, बस बाळा, उभी राहून पाय दुखले असतील. दोन साड्या उघडल्या, एक घेतली, दुसरीची घडी सोता घालू लागली. मी जवळ जाऊन बसले. को.च्या भाकरीचं सांगितलं, ती दहावीत आजारी असून पास झाली ते सांगितलं, काय काय सांगितलं. ऐकून घेतलं बाईनं सगळं. जाताना को.च्या तोंडावरून हात फिरवला.

को.ला म्हणलं, झालं बघ तुझं. असली सासू मिळाली तर मी घृष्णेश्वराला पायी जाईन. को.बी हसली आज.

पण म्हणलं अजून गप राहा. कौसाचा निरोप येऊ दे.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आज एक बाई आली. सोनेरी काडीचा चष्मा, संगं तरणी सून का लेक. गादीवर ऐसपैस बसली. ही नेस. आता ती नेस. पहिली परत नेस. दुपारचा डबा राहिला को.चा. पदर असा असतो का? आईनं काही शिकवलं नाय वाटतं. हात तर बघा, काळ्या हातात जरी काय शोभणार. तरणी खाली मान घालून बसलेली.

मंग म्हणली, ही डागाची हाय, अन् साडी फेकली. काठ को.च्या गालाला लागला. कोरी जरी टोचती.

को.नं माझ्याकडं बघितलं. मी व्हटावर बोट ठेवलं.

तिनं साडी उचलली. म्हणली, "दुसरा रंग दाखवू का काकू?"

मी त्या बाईला चहा सांगितला. मीच. म्हणलं कशाला वाकडं घ्यायचं, त्या हिरव्या साडीवालीची वळखीची असली तर. तिनं चहा पीत इचारलं, ही तुमची कोण? म्हणलं नात. म्हणली, गरीब हाय. काही न घेता उठून गेली. चांदभाई म्हणले, इनको साड़ी नक्को थी अम्मा, तमाशा होना था.

ढिगाच्या घड्या घालता घालता दिवस गेला. को.च्या गालावर बारीक रेघ. घरी खोबरेल लावू गेले तर म्हणली, मी लावते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस
गल्लीत गाय आलती, पुजली. निरोप नाय. कौसा म्हणती दम धर.
को. घरी आल्यावर आधी किती बोलायची. कोणती बाई कशी बोलली, त्याची नक्कल करून दाखवायची, मी पोट धरून हसायचे. आता जेवती अन् झोपती. म्हणलं दमत असंल.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनतेरस
लिहावंसं वाटंना पण लिहिते.

आज गर्दीत एक बाई एकदम म्हणली, माझी अंगठी गेली. साडी नेसवताना या पोरीनं हात धरला व्हता. सगळं दुकान थांबलं. मालक आले. मालक वाईट माणूस नाय, त्यांनी नीट इचारलं, कोमल, तू बघितली का अंगठी?

को. बोललीच नाय. नाय म्हणून सुदीक म्हणली नाय. दोनदा इचारलं. ती माझ्याकडं बघत व्हती. मी सांगितलं व्हतं ना, कोणी काही बोललं तरी.

मला वरडायचं व्हतं की माझी नात असली नाय. अन् मनात आलं, त्यांच्यातलं कोणी आज इथं असंल तर? तेवढ्यात माझं तोंड मिटलं. चोरीचा आळ आला अन् आम्ही दोघी गप.

चांदभाईनं बाईला पर्स उलटी करायला लावली. अंगठी पर्सच्या कप्प्यात. बाई म्हणली, असतं असं गर्दीत, अन् पुढली साडी दाखवा म्हणली. को.नं दाखवली.

चांदभाई माझ्यापाशी आले. चेष्टा करणारा माणूस, पण आज चेष्टा नव्हती. "अम्मा, इस बच्ची की ज़बान कौन ले गया?"

२० ऑक्टोबर, सोमवार. पहिली अंघोळ
को.ला उटणं लावलं. पाठीला हात लावला की लहानपणी खिदळायची. आज दगडावानी बसली. पाणी गरम हाय का इचारलं, व्हय म्हणली. गार व्हतं.

भगवान अन् सूनबाई पुण्याहून आले. को.चे आईबाप. तिकडं कंपनीत दोघं, लेकरू माझ्यापाशीच वाढलं. भगवान म्हणला, पोरगी किती शांत झाली, आई. त्याला बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
कौसाचा फोन आला. पसंत हाय.

भगवाननं फोन मोठ्या आवाजावर ठेवला, सगळ्यांनी ऐकलं. सूनबाईनं देवापुढं साखर ठेवली. मी इचारलं, ती हिरव्या नऊवारीतली त्याची आई का?

कौसा म्हणली कोण हिरवी? आई नाय आली. मुलाची आत्या आलती, चष्म्यावाली. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नाय. तिनं मुद्दाम लई तरास देऊन बघितला.
"साडी तोंडावर फेकली तरी पोरीनं ब्र काढला नाय म्हणली. असलीच पाहिजे आम्हाला."

कौसा तिकडून हसत व्हती. इकडं भगवान हसला. म्हणला, आई, तूच घडवलीस तिला.

को. दारात उभी व्हती, ओवाळणीचं ताट हातात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी मागं भांडी घासताना को. बोलली. इतक्या दिसांनी बोलली. मला आधी खुशीच झाली आवाज ऐकून.

"त्यांनी पसंत केली ती मी न्हाईच, आजी. तू गप बस म्हणली म्हणून बसले. मी बोलणारी हाय."
म्हणलं, लग्नानंतर बोल की. कोण धरतंय.
"बोलले की म्हणतील, फसवलं."

मी म्हणलं पोरगा चांगला हाय, आत्या काय जल्माला पुरती का. माझी सासूबी तापट व्हती. अन् ते म्हणताना मला माझीच गोष्ट ऐकू आली. सासू मेली तवा माझी थोरली लेक सासरी नांदत व्हती. तितक्या सालात मी त्या घरात किती बोलले? आता जे सारखं बोलते, ते सगळं सासू गेल्यावर आलेलं.

म्हणलं मंग नाय म्हणू का त्यांना?
को. म्हणली, "तू काय म्हणशील ते."
हे आधी म्हणत नव्हती ती. आधी भांडायची. साध्या भाजीवरून भांडायची.

२५ ऑक्टोबर, शनिवार
भगवानशी बोलले. म्हणलं त्या बाईनं साडी फेकली, गालाला लागली. तो म्हणला, आई, दुकानात तर कोणीबी फेकतं, मंग हे तरी घर हाय. परत असलं स्थळ येणार नाय, रंगावरून दोन गेली. सूनबाईच्या डोळ्यात पाणी, पण तीबी त्याच्याच बाजूची. म्हणली, आई, तुम्हीच हो म्हणलं व्हतं.

व्हय. मीच.

पोरगा कसा हाय ते कोणालाच माहीत नाय. चांगलाबी असंल. ती संगं आलेली तरणी, मान घालून बसलेली, ती त्याच घरची सून निघाली. कौसाला इचारलं, ती बोलायला कशी हाय? कौसा म्हणली, लई गुणाची. आवाज सुदीक येत नाय.

उद्या येणार हाईत सुपारी फोडायला. भगवानची सुट्टी उद्यापस्तोरच.

२६ ऑक्टोबर, रविवार
को. सकाळीच दुकानात गेली. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांचा बस्ता सुरू झाला, मालकानं बोलावलंय म्हणली. भगवान चिडला, आजच्या दिवशी? ती म्हणली, आजीचा फोन आला की येते. चप्पल घालताना मला हळूच म्हणली, "तू ये म्हणलीस तर येईन आजी. मुकाट येईन."

गालावरची रेघ गेलीय. बारकाईनं बघितलं मी.

सूनबाईनं पोहे भिजवले. कौसाचा फोन आला, वेरूळ सोडलं, सगळी गाडीत हाईत, आत्या पुढं बसलीय. म्हंजी तासाभरात. भगवान दारात येरझाऱ्या घालतोय. आई लाव फोन, तिला यायला बी वेळ लागंल. म्हणलं लावते, थांब जरा, एवढं लिहू दे. म्हणतो, हा काय लिहायचा टाइम हाय का.

सांगायचं तर दोनच गोष्टी हाईत, ये, नायतर येऊ नको. कोणचीबी सांगितली तरी ऐकंल. तिनं एकदा भांडावं माझ्याशी, फोनवरच, सगळ्या गिऱ्हाइकांपुढं, मंग मला कळंल तिला काय पाहिजे. पण ती आता तसं इचारल्याबिगर सांगत नाय, अन् इचारलं तरी

लावला. वाजतोय तिकडं. भगवान माझ्या तोंडाकडं बघतोय.