रडारच्या पडद्यावरील रेघ माझ्या राउटरची असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय संचालक,
हवामान निरीक्षण विभाग,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : रडार केंद्रातील वरिष्ठ तंत्रज्ञांवर ठेवलेले दोन्ही आरोप त्यांच्याकडून काढून माझ्या नावावर घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस क्र. रडार/११८, दि. ६ मे.
२) प्रशिक्षणार्थी निरीक्षक पदासाठीचा अर्ज क्र. ४०९, दि. ११ मार्च.

महोदय,

पहिल्या संदर्भातील नोटीस ज्यांना आली ते माझे वडील आहेत. दुसऱ्या संदर्भातील अर्ज माझा आहे. या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका आपल्या कार्यालयात कोणाला येण्याचे कारण नाही. तो मला अठरा दिवस माहीत होता आणि मी गप्प बसले होते.

१. नोटिशीत म्हटले आहे की, रडारच्या चित्रात २१४ अंशांच्या दिशेला पावसासारखी दिसणारी खोटी रेघ दि. १० मार्चपासून येत होती आणि तंत्रज्ञांना तिचे कारण शोधता आले नाही. दि. २४ एप्रिलला त्याच दिशेने खरा गारांचा ढग आला. सगळ्यांना रेघेची सवय झालेली असल्याने तो चाळीस मिनिटे कोणाच्या लक्षात आला नाही. इशारा उशिरा गेला आणि बस आगारातील एकवीस गाड्यांच्या काचा फुटल्या. हा आरोप पहिला. दि. २९ एप्रिलला तंत्रज्ञांनी 'दोष दूर झाला' असा अहवाल पाठवला आणि अर्ध्या तासाच्या आत रेघ परत आली, म्हणजे अहवाल खोटा होता. हा आरोप दुसरा. घटना दोन्ही खऱ्या आहेत. फक्त माणूस चुकला आहे.

२. आमच्या घरी एक जुना राउटर आहे. कंपनीने ते मॉडेल बंद केले आणि दुरुस्त्या पाठवणेही थांबवले. ताई घरून ऑनलाइन शिकवणी घेते. तिच्या वर्गात चित्र थिजायचे आणि मुले म्हणायची, "मॅडमचा पुतळा झाला." ताई नवा राउटर आणा म्हणत होती. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, घरी बसलेली, त्यामुळे मी म्हटले की यंत्र चांगले आहे, फक्त त्याच्या पोटातला कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, जुना झाला आहे. जगभरातले हौशी लोक असे फर्मवेअर मिळून लिहितात आणि कोणालाही वापरायला, बदलायला खुले ठेवतात. ते मी घालायचे ठरवले. ताई म्हणाली, "शास्त्रज्ञ बाईंना नवा आणा म्हटलं, तर त्या जुन्याचं पोट फाडायला बसल्या."

३. दि. २ मार्चला मी ते पहिल्यांदा घातले आणि राउटर मेला. त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर 'आवृत्ती ३' असे छापले होते, मी आवृत्ती २ चे फर्मवेअर घातले होते. चिठ्ठी मी वाचली नव्हती. एकच दिवा लुकलुकत राहिला, बाकी शांत. बटण दाबून धरणे, लॅपटॉपला ठरावीक पत्ता देऊन राउटर सुरू होतानाच्या पहिल्या दोन सेकंदांत फाईल ढकलणे, हे सर्व एकवीस वेळा करून पाहिले. शेवटी बाबांनी राउटर उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवर चार बारीक पिना डाख लावून बसवून दिल्या. त्यांतून लॅपटॉपला राउटरशी थेट बोलता आले आणि तो जिवंत झाला. "आता तुझं तू बघ," एवढेच ते म्हणाले. हे येथे लिहिले नाही तर अर्ज अपुरा राहील, आणि लिहिले तर ते त्यांच्याविरुद्ध वापरले जाण्याची भीती आहे. म्हणून स्पष्ट करते की, पुढच्या परिच्छेदात जे घडले ते त्यांना माहीत नव्हते.

४. आमच्या इमारतीत तेवीस वायफाय आहेत आणि नेहमीच्या वाहिन्यांवर, म्हणजे चॅनेलांवर, नुसती गर्दी. मी वरच्या भागातली एक मोकळी वाहिनी निवडली. ताईचा वर्ग सुरळीत चालू लागला, पण दिवसातून चार-पाच वेळा राउटर आपणहून ती वाहिनी सोडायचा. त्याच्या नोंदीत प्रत्येक वेळी एकच ओळ असायची : रडार आढळले, वाहिनी सोडत आहे. या वरच्या वाहिन्या रडारही वापरतात, म्हणून रडारची चाहूल लागली की राउटरने बाजूला व्हायचे असते. जुन्या यंत्रांत ही सूचना पुष्कळदा चुकीची असते असे मी वाचले होते. मी जाणकारांच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न टाकला. एकाने विचारले, "जवळपास विमानतळ किंवा हवामानाचं रडार आहे का?" मी उत्तर दिले, "नाही. आमच्या भागात असलं काही नाही."

हे उत्तर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिले. समोरच्या खिडकीतून टेकडीवरचा आपल्या रडारचा पांढरा घुमट दिसतो. आम्ही लहानपणापासून त्याला 'बाबांचा चेंडू' म्हणतो. तो रोज दिसतो म्हणून मनात आला नाही, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. मला प्रश्न विचारला गेला होता आणि मी मान वर केली नाही.

५. फर्मवेअर खुले असल्याने रडारची चाहूल घेणारा भाग मला दिसत होता. दि. १० मार्चला मी तो काढून टाकला. ज्यांनी फर्मवेअर लिहिले त्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी दिलेला पहारा मी उठवला. दुसऱ्याच दिवशी मी आपल्याकडे अर्ज क्र. ४०९ पाठवला. त्यातील 'स्वतंत्रपणे केलेले तांत्रिक काम' या रकान्यात 'बंद पडलेल्या राउटरचे पुनरुज्जीवन व खोट्या रडार-सूचनेच्या दोषाचे निवारण' असे लिहिले आहे. आपल्या कार्यालयाने कृपया 'खोट्या' हा शब्द खोडावा.

६. पुढचे सात आठवडे बाबा ती रेघ शोधत होते. वायर बदलली, घुमट पुसला, कपाटाएवढ्या यंत्राचे पंखे काढून धुतले. सुट्टीच्या दिवशी हातात छोटी अँटेना घेऊन ते २१४ अंशांची रेषा पायी चालायचे. एकदा नकाशा दाखवून हसत म्हणाले, "अगं, रेघ आपल्याच घरावरून जाते!" मी म्हणाले, "बाबा, त्या रेषेवर हजार घरं असतील. तुमचा चेंडूच म्हातारा झालाय." ते हसले. मीही हसले.

दि. २७ एप्रिलला जेवताना ते आईला सांगत होते की हा पाऊस नाही, कोणीतरी त्यांच्याच सुरात शिट्टी मारत बसले आहे. मी सहज तो सूर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, विचारला. त्यांनी आकडा सांगितला. तो माझ्या वाहिनीचा होता. मी ताटातले जेवण संपवले.

७. खात्री असल्याशिवाय बोलू नये, असे मी स्वतःला सांगितले. विज्ञानात ते बरोबर असते, म्हणून ते कारण मला फार सोयीचे होते. आपल्या रडारचे चित्र दर दहा मिनिटांनी सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे मी प्रयोग आखला : राउटर अर्धा तास बंद, अर्धा तास चालू, आणि चालू असताना त्यावरून एक मोठी फाईल सतत फिरती. दि. २८ ते ३० एप्रिल मिळून सहा वेळा बंद, सहा वेळा चालू. बंद असताना रेघ सहाही वेळा गेली, चालू असताना सहाही वेळा आली. पहिल्या फेरीनंतर शंकेला जागा नव्हती. म्हणजे उरलेल्या पाच वेळा मी आपल्या रडारमध्ये जाणूनबुजून अडथळा आणला. गुन्हा मोजताना कृपया हे पाच वेगळे धरावेत.

८. दि. २९ एप्रिलला सकाळी साडेअकराला राउटर बंद केला. अकरा चाळीसला घरचा फोन वाजला. बाबांचे शब्द जसेच्या तसे देत आहे : "गेली गं रेघ! मागचा जोडच सैल होता मेला. घट्ट केला आणि पडदा एकदम साफ. आईला सांग, आज चहाला घरी येतो." मी "बरं" म्हणाले. वहीत वेळ लिहिली. बारा वाजता प्रयोगाप्रमाणे चालू करायची वेळ होती. मी चालू केला.

बारा दहाच्या चित्रात रेघ आली. तोपर्यंत त्यांनी अहवाल पाठवला होता. फोन पुन्हा आला नाही, आणि ते चहालाही आले नाहीत. दुसरा आरोप तो हाच. तो अहवाल खोटा नव्हता. पाठवला तेव्हा त्यांच्या पडद्यावर जे होते तेच त्यांनी लिहिले. खोटे मी घरून चालवत होते.

९. यानंतरही मी बोलले नाही. ३० एप्रिलला मी वाहिनी बदलली आणि रेघ कायमची गेली. आता सगळे आपोआप मिटेल असे वाटले. ६ मे रोजी नोटीस आली.

काल, १५ मे रोजी, बाबांनी नोटिशीचे उत्तर मला टाईप करायला दिले. माझ्या टायपिंगमध्ये चुका नसतात म्हणून. त्यात त्यांनी 'दोष शोधण्यात मी कमी पडलो' असे लिहून दोन्ही आरोप मान्य केले आहेत. सोबत जोडायला त्यांच्या शोधाची नोंदवही होती. रेषेवरच्या एक्केचाळीस जागा, त्यांच्या बारीक अक्षरात, प्रत्येक जागेसमोर अँटेनावर मिळालेला आकडा. अनुक्रमांक वीसपासून आकडा वाढत जातो. अनुक्रमांक २६, शिलाईचे दुकान : आतापर्यंतचा सर्वात मोठा. अनुक्रमांक २८, पावाची भट्टी : कमी. मधल्या २७ समोर आकडा नाही. तेथे लिहिले आहे : 'स्वतःचे घर. तपासणी अनावश्यक. धाकटी या बाबतीत काटेकोर आहे.'

वाढत जाऊन उतरणाऱ्या आकड्यांतला मधलाच गाळला, तर शिखर कोठे असेल हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. असे तक्ते वाचायला मला बाबांनीच शिकवले आहे.

१०. मी त्याच वेळी त्यांना सर्व सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "एकोणतीसला मी फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. ते गॅलरीत गेले आणि दोरीवरचे कपडे काढून घडी घालत राहिले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "उत्तर टाईप झालं असेल तर तसंच राहू दे. तुझा अर्ज आहे तिथे. माझी दोनच वर्षं उरली आहेत."

ते उत्तर मी टाईप केलेले नाही. त्याऐवजी हा अर्ज टाईप केला आहे. वडिलांची आज्ञा मोडल्याची ही नोंदही आपल्याकडे राहावी.

११. माझी विनंती अशी :

दोन्ही आरोप माझ्यावर घ्यावेत आणि कायद्याप्रमाणे जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी. वरिष्ठ तंत्रज्ञांच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' हा शब्द जाऊ देऊ नये. सात आठवड्यांत रेषेवरची चाळीस ठिकाणे पायी जाऊन तपासणाऱ्या माणसाला तो लागू पडत नाही. अर्ज क्र. ४०९ बाबत जे योग्य वाटेल ते करावे.

नोंदवहीतील अनुक्रमांक २७ चा शेरा मात्र दुरुस्त व्हावा. ती सरकारी वही आहे आणि अक्षर बाबांचे आहे, त्यामुळे मला तेथे हात लावण्याचा अधिकार नाही. त्यांना तो खोडायला सांगू नये, एवढी कृपा करावी. आपल्या कार्यालयातील कोणीही येऊन आमच्या घरी आकडा घ्यावा, आता तो शून्य आला तरी चालेल, आणि तेथे लिहावा : 'तपासले.' मी दिवसभर घरी असते.

आपल्या कार्यालयाची व एका तंत्रज्ञाची अपराधी,

(सही)
अर्ज क्र. ४०९ ची अर्जदार,
वरिष्ठ तंत्रज्ञांची धाकटी मुलगी

दिनांक : १६ मे

सोबत :
१) राउटरच्या नोंदींची छापील प्रत. 'रडार आढळले' या ओळींखाली रेघ मारली आहे.
२) मंचावरील प्रश्न आणि मी दिलेले उत्तर.
३) प्रयोगाचा तक्ता, सहा फेऱ्या, वेळांसह. २९ एप्रिलच्या पानावर अकरा चाळीसला 'फोन' असे लिहिले आहे.
४) नोंदवहीच्या पान ९ ची प्रत.
५) राउटर, एक नग, चार पिनांसह. आपल्या कार्यालयात चुकूनही चालू होऊ नये म्हणून त्याची विजेची वायर मी घरी ठेवून घेतली आहे.