बारा किलो

३ फेब्रुवारी

ठरलं! मे महिन्यात डोंगरात. राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. वाटा दोन. तळ्याची – सपाट, एका दिवसाची. "म्हाताऱ्यांची," असं नवरा म्हणतो. आणि खिंडीची – तीन दिवस, मुक्काम दगडी झोपडीत, ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं. माणशी बारा किलो. याचं बोट खिंडीवरून हलेना. लेक सतरा वर्षांची, ती अर्थातच बाबांच्या बाजूनं.

दोन वर्षांपूर्वी हा याच टेबलाशी कोसळला होता. छातीत स्टेंट बसवावा लागला. आज तिथंच दोघं डोक्याला डोकं लावून हसत होती. माझंच लक्ष फरशीकडे.

५ फेब्रुवारी

हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "जा की! पण आधी आठ आठवडे जिने चढा. सहा मजले, पाठीवर बारा किलो. धाप लागली नाही तर खिंड, लागली तर तळं."

आणि मी त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होते – नको म्हणतील म्हणून.

१० फेब्रुवारी

सॅक मी भरायची. लिटरच्या बारा पांढऱ्या बाटल्या, पाण्यानं भरलेल्या. "तू भर," तो म्हणाला. "मी भरली तर लबाडी करीन. तू नाही करणार."

आम्ही तळमजल्यावर राहतो. मी दारात उभी राहून त्याची पावलं ऐकत होते. चौथ्या मजल्यावर थांबली. किती वेळ! खाली आला तेव्हा ओठ पांढरे. "झकास!" म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

११ फेब्रुवारी

चार बाटल्या रिकाम्या केल्या. बाहेरून कळत नाही. हलू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळून मधे दडवल्या. कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथं लिहिते. ही वही आता कामाच्या खणात, कवळ्यांच्या मेणाच्या वड्यांखाली.

१२ फेब्रुवारी

सहावा मजला! न थांबता! लेकीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

२४ फेब्रुवारी

डावी दाढ ठणकतेय. कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर चढले की जास्त. टेकलं की थांबते. दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला – गेली अठरा वर्षं मी त्यांच्याकडे कवळ्या बनवते, तेवढा हक्क आहे. "दात उत्तम आहेत तुमचे. घरी कुणावर दात-ओठ खाता वाटतं!"

माझ्यावरच.

८ मार्च

तो जितका सहज चढतो तितकी मी घाबरते. काल शीळ घालत उतरला. शेजाऱ्यांना सांगत होता, "पन्नाशीत बारा किलो! बोला!"

आज धीर करून एक बाटली भरून ठेवली. म्हटलं हळूहळू एकेक भरू. पाचव्या मजल्यावर टेकला. "आज जड का लागतंय गं?" चेहरा असा उतरला, की दवाखान्यातला तो चेहरा आठवला. दुपारी बाटली पुन्हा ओतली.

१७ मार्च

कवळीचा साचा दोनदा फुटला. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. एकच चित्र डोळ्यांसमोर – खिंडीतली चढण, खरे बारा किलो, आणि हा माझ्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकतोय. तिथं ना दवाखाना, ना फोन लागणार. लेक समोर असणार.

बाई, सांग त्याला.

२६ मार्च

सांगितलं नाही. झोपडीचं आरक्षण तीस तारखेला बंद होतंय. अर्जात तिघांची नावं भरून झाली. "तुझी सही राहिलीय," म्हणाला. पेन सापडत नाही म्हटलं. पेन हातात होतं.

२ एप्रिल, दवाखाना

मनगटाला पट्टी आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. वही लेकीला आणायला लावली. "वाचू नकोस" म्हटलं, तर म्हणे, "आई, तुझ्या वहीत मेणाचा हिशेब सोडून काय असणार!"

तीस तारखेला सकाळी सांगून टाकलं. सगळं. चार बाटल्या, टॉवेल. तो ओरडेल वाटलं होतं. ओरडला नाही. "म्हणजे मला जमतच नव्हतं. आणि तू टाळ्या वाजवत होतीस." मग स्वतः बाराही बाटल्या काठोकाठ भरल्या, सॅक पाठीला लावली आणि निघाला. रागानं! मी मागे धावले. नको रे, थांब रे. माझ्या हातात काही नाही, पायात चपलासुद्धा नाहीत.

तिसऱ्या मजल्यापर्यंत दाढ ठणकत होती. चौथ्यावर ती कळ खांद्यात उतरली आणि घाम सुटला. मी पायरीवर बसले. वरून त्याचा आवाज आला – "पोचलो! ऐकतेस का? पोचलो!" ऐकत होते. उत्तर देता येईना.

तो खाली धावत आला तेव्हा सॅक पाठीवरच होती. बारा किलो. मला धरून बसला तेव्हाही. रुग्णवाहिकेच्या दारात लेकीनं ती त्याच्या खांद्यावरून काढली.

"जबडा कधीपासून दुखतोय?" डॉक्टरांनी विचारलं. त्याचेच डॉक्टर.

"दाढ आहे ती."

"दाढेला जिना कळत नाही, बाई."

एक स्टेंट, मनगटातून. आता बरोबरी झाली.

५ एप्रिल

घरी. बाटल्यांबद्दल तो एक शब्द बोलत नाही. पाणी हवं का, उशी हवी का – फार सभ्य झालाय. भांडला असता तर बरं होतं. खिंडीचा अर्ज राहिला. नकाशा गुंडाळून कपाटावर.

१४ जून

डॉक्टरांनी मला परवानगी दिली. रोज दोन मजले, पाठीवर चार किलो, दुखलं की थांबायचं. जमलं तर पुढच्या वर्षी तळं. नकाशा खाली आला. कुणी बोट ठेवलं नाही. मला जिन्याची भीती वाटते.

मी बाटल्या काढल्या तर त्यानं हातातून घेतल्या. "तू भरायची नाही. तुझा काय भरवसा!" एप्रिलनंतर पहिल्यांदा चिडवलं.

२१ जून

दुसरा मजला, न थांबता. सॅक मात्र फारच हलकी लागली. तो अंघोळीला गेल्यावर उघडून पाहिली. चारांतल्या दोन बाटल्या रिकाम्या. टॉवेलात नीट गुंडाळून मधे दडवलेल्या.

होत्या तशा ठेवल्या.

"जड लागली?" डोकं पुसत त्यानं विचारलं.

"बरीच," मी म्हटलं.