बंद दाराबाहेरचा पंच

पापडी, जून १९९७

मान्यवर कस्टम अधीक्षकसाहेब,

परवा अर्नाळ्यात सालोमीच्या घरी चोरट्या सोन्याच्या झडतीला आपण मला पंच म्हणून नेले आणि ओट्यावरच बसवले. बंद दाराआड सालोमी ओरडत होती, "बाई अधिकारी आणा, नाहीतर मॅजिस्ट्रेटपुढे न्या!" दोन्ही तिचे कायदेशीर हक्क. तरी तिची अंगझडती पुरुषांनीच घेतली. मग पंचनामा पुढे करून आपण म्हणालात, "बाबा, सोनं सापडलंय. देवमाणूस तुम्ही, करा सही."

सोने सापडले असेलही. मी पाहिले नाही. अपराध्याच्याही अब्रूला कायद्याने कुंपण घातले आहे. ते आपण मोडलेत. खोटी साक्ष देऊ नको, ही देवाची आज्ञा मी आयुष्यभर चर्चमध्ये मुलांना शिकवली. आपल्यासाठी ती मोडणार नाही.

हे पत्र धाडत नाही. सालोमीच्या वकिलाने मला साक्षीला बोलावले आहे. न्यायालयात आपल्यासमोरच बोलेन.

सही न केलेला,
इनास तुस्कानो