कापण्याआधी निम्मे

प्रिय फुटपट्टी,

हे नाव वाचून तुझ्या कपाळावर आठी पडणार, ठाऊक आहे. स्वतःच्या नावाचं कोटेशन-पुस्तक छापून घेतलेल्या बाईला कोणी फुटपट्टी म्हणू नये. पण पाच वर्षांची असताना तू घरातलं मांजरसुद्धा मोजून ठेवलं होतंस, आणि दुसरं कुठलं नाव माझ्या पेनातून उतरत नाही. तुझा फोन आठ दिवस बंद आहे. पहिले तीन दिवस मी तुझ्या आईला सांगितलं की कामाच्या धबडग्यात असेल. चौथ्या दिवशी तीच मला तसं सांगायला लागली, तेव्हा कळलं की आम्ही दोघं एकमेकांना थापा मारतोय. म्हणून हे पत्र. कुठे बसून लिहितोय ते शेवटी सांगतो. मांडीवर फळी आहे, गुडघा नेहमीसारखा कुरकुरतोय आणि परतीच्या बसला अजून तीन तास आहेत, तेव्हा हात आखडता घेण्याचं कारण नाही.

घरी सगळं आहे तसं आहे. कारखान्यात आता मी आणि रंधा, दोघंच. रंध्याची धार लावता येते, माझं काय करायचं ते कळत नाही. कामाचा कंटाळा आलाय असं म्हणवत नाही, थकलोय एवढं खरं. एक चौकट जोडायला पूर्वी दुपार लागायची, आता दोन दिवस लागतात आणि त्यातला एक दिवस नुसता बसण्यात जातो. परवा काचवाला आला होता. तो तुलाही काच देतो, मलाही, त्यामुळे आपल्या दोघांची खबरबात त्याच्याच टेम्पोतून ये-जा करते. म्हणाला, मुलीच्या दुकानाचं शटर आठवडाभर बंद दिसतंय, बरंबिरं नाही का. मग माझं तोंड पाहून त्यानं घाईघाईनं तुझं कौतुक केलं: पोरगी व्यवहाराला चोख आहे, मागचं सगळं थकलेलं बिल महिन्यापूर्वी एकरकमी चुकतं केलं. त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी मात्र तो गेल्या गेल्या बसचं वेळापत्रक काढलं. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

त्या दंतवैद्यांना तू विसरली नसशील. मीही नाही. चौदा खिडक्या, सगळ्या वरून कमानीच्या. तू वहीतून मान वर न करता म्हणालीस की लाकूड कापण्याआधी निम्मे पैसे द्यावे लागतील. आणि मी हसलो. नुसता हसलो असतो तरी चाललं असतं, पण मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो की पोरीचं मनावर घेऊ नका, आपल्यात कसला आलाय ॲडव्हान्स. आपल्यात म्हणजे कोणात, असं तू नंतर विचारलंस. त्या माणसाला मी आयुष्यात दुसऱ्यांदा भेटत होतो. अडीच महिन्यांनी त्यांच्या बायकोला कमानी जुनाट वाटायला लागल्या. त्यांनी फोनवर दिलगिरी व्यक्त केली, अगदी गोड शब्दांत, आणि विषय संपवला. चौदाच्या चौदा शेडमध्ये उभ्या आहेत. दुसऱ्या कुठल्याही भिंतीत त्या बसत नाहीत. त्याच आठवड्यात तू स्वतःचं वेगळं दुकान टाकायला निघालीस. भांडली नाहीस, मापाची टेप तेवढी घेतलीस. तुझं बरोबर होतं. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली, तोंडानं बोलायला अजून दोन लागतील, म्हणून लिहून ठेवतोय.

तुला वाटत आलंय की बाबांना इसार मागायची लाज वाटते. सगळ्यांना तसंच वाटतं. हा माणूस काम हातात पडल्याशिवाय एक पैसा घेत नाही, असं माझं नाव झालं होतं, आणि मीही मान खाली घालून ते कौतुक घ्यायचो. आपलं घर तर त्या कौतुकावरच उभं आहे. गिऱ्हाइकांनी ऐनवेळी नाकारलेल्या खिडक्या इतक्या साठल्या, की घर बांधताना मी गवंड्याला सांगितलं, खिडक्या तयार आहेत, भिंतीत जागा त्यांच्या मापानं सोड. तुझ्या खोलीतली खिडकी एका दुकानाच्या काउंटरची, न्हाणीघरातली शाळेच्या वर्गाची. वर्गाची खिडकी असलेल्या न्हाणीघराला पडदा किती लागतो, हे तुझी आई अजून येईल त्या पाहुण्याला ऐकवते. स्वयंपाकघरातली मात्र बुटकी आणि रुंद, तुझ्या तेव्हाच्या छातीएवढ्या उंचीवर. तिथे उभी राहून तू विचारायचीस, ही कोणी नाकारली, आणि मी म्हणायचो, होता एक. ते खोटं होतं गं. ती खिडकी कोणी नाकारली नव्हती. मीच ती वेळेवर दिली नव्हती.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. एक शिंपी होते, बैठं मशीन चालवायचे. त्यांच्या खोलीची खिडकी उंचावर होती, उजेड डोक्यावरून निघून जायचा. त्यांना उजेड थेट सुईवर पडायला हवा होता. मी निम्मे पैसे इसार म्हणून घेतले, जुनी खिडकी उखडली, भिंत खालपर्यंत फोडली, आणि त्याच संध्याकाळी त्या पैशांतून वखारवाल्याची मागची थकबाकी भागवली. चैन केली नाही, पत्ते खेळलो नाही. नुसती याची टोपी त्याला. मनात हिशोब असा, की पुढचं गिऱ्हाईक येईल, त्याच्या इसारात शिंप्यांचं लाकूड घेऊ. पुढचं गिऱ्हाईक आलं नाही. मग मी तोंड चुकवायला लागलो. त्यांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जायचो. ते घरी आले की तुझी आई दारातून सांगायची, बाहेर गेलेत. नवी नवरी होती ती, आणि नवऱ्यानं तिला पहिल्यांदा काय शिकवलं तर खोटं बोलायला. एकदा ते माझ्या उंबऱ्याबाहेरच्या चपलांकडे बघत उभे राहिले आणि मग निघून गेले, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

चार महिने त्यांच्या भिंतीच्या भगदाडाला गोणपाट टांगलेलं होतं. चार महिन्यांनी खिडकी कशीबशी तयार झाली, हातगाडीवर घालून नेली, तर तिथे विटा. नवी भिंत, प्लास्टर अजून ओलं. आत शिंपी भर दुपारी दिवा लावून शिवत बसले होते. ते रागावले असते तर मी मोकळा झालो असतो. एवढंच म्हणाले, की पैसे खर्च झाले होते तर तसं येऊन सांगायचं, मी थांबलो असतो; पण माणूसच दिसेनासा झाला, मग विटा लावल्या. पैसे मी दीड वर्षात फेडले. विटा काही निघाल्या नाहीत. पुढे त्यांना जाड चष्मा लागला. वयामुळेही लागला असता, सगळ्यांनाच लागतो, पण मला कधी तसं वाटलं नाही.

तेव्हापासून कानाला खडा. हातात दुसऱ्याचे पैसेच नकोत, म्हणजे पळायची वेळच येणार नाही. लोकांनी त्याला प्रामाणिकपणा म्हटलं. ती भीती होती, आणि तिची किंमत तुम्ही दोघींनी मोजली. तुझी आई प्रत्येक कामाला स्वतःच्या बचतीतून लाकूड आणून द्यायची, आणि एका वर्षी तुझी कॉलेजची फी भरायची म्हणून तिचं शिवणयंत्र गेलं. मागच्या महिन्यात एका वाचनालयाच्या दारांचं काम आलं. मी घसा खाकरून म्हणालो, कापण्याआधी निम्मे. तुझ्यासारखं ठसक्यात म्हणायला गेलो, पण ते खोकल्यासारखं बाहेर आलं. तिथले व्यवस्थापक म्हणाले, चालेल, पावती मिळेल ना. संपलं. तीस वर्षं मी ज्याला घाबरलो त्या माणसाला फक्त पावती हवी होती. माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. ड्रॉवरमध्ये तुझं जुनं सापडलं.

तेव्हा मागावेत की नाही या आपल्या जुन्या वादात तू जिंकलीस. मागावेत. जी वस्तू दुसऱ्या कोणाच्याच कामाची नाही, ती करायची तर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं अडकावं, हेच न्यायाचं. पण तुझ्या वाक्याला माझी एक पुरवणी जोड. ते पैसे आपले नसतात. खिडकी भिंतीत बसेपर्यंत ते गिऱ्हाइकाचेच, आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले. ज्या दिवशी हातात येतील त्याच दिवशी त्याच कामाचं लाकूड घ्यायचं. आणि नाहीच जमलं, एखादं थकलेलं बिल मानगुटीवर बसलं आणि पैसे तिकडे गेले, तर पाय ओढत का होईना, त्या दारात जाऊन तसं सांगायचं. काचवाल्याचं बिल एकरकमी चुकतं झालं आणि पाठोपाठ शटर बंद झालं, हे ऐकून माझं काय झालं असेल ते आता तुला कळेल. तुझी वही मी पाहिली नाही. पाहायची गरजही नाही, तो माझाच जुना हिशोब आहे. शिंप्यांची गोष्ट मी तुझ्या हातात रंधा दिला त्या दिवशीच सांगायला हवी होती. माझा मोठेपणा शाबूत राहावा म्हणून गप्प बसलो. पैसे मागायला तू तुझी तू शिकलीस, ते सांभाळायला शिकवायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता कुठे बसलोय ते. मी तुझ्या गिऱ्हाइकाच्या घरात बसलोय. सकाळी आठला तुझ्या शटरसमोर पोचलो, तर तिथे याच घरातल्या त्या नर्सबाई आधीच उभ्या होत्या, रात्रपाळी करून आलेल्या, अजून गणवेशात. आठवडाभर रोज येतात, दहा मिनिटं थांबतात आणि जातात. शिव्या देत नाहीत. सहा खिडक्या तू काढून नेल्यास, तिथे प्लास्टिक ठोकलंस, आणि दिवसा झोपणाऱ्या बाईच्या उशाशी ते फडफडतंय, गल्लीतला सगळा गलका आत येतोय. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण. बाप म्हणालो असतो तर त्यांनी पैसे माझ्याकडे मागितले असते, मी ते देऊन टाकले असते आणि तू जन्मभर लांबच्या रस्त्यानं चालत राहिली असतीस. म्हणून म्हणालो, मी मॅडमकडे कामाला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लायवूड आणून झोपायच्या खोलीच्या दोन्ही खिडक्यांना ठोकलं, सहाही मापं पुन्हा घेतली. तुझ्या मापांत सुतभरही फरक नव्हता. लाकडासाठी वखारवाल्याशी बोललोय, वाचनालयाच्या पैशांतून नव्हे, घाबरू नकोस. शेजारच्या आजी दारात खुर्ची टाकून माझ्यावर पहारा देताहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. बाईंनी विचारलं, मॅडम कधी येणार. मी म्हणालो, सोमवारी सकाळी नऊला, आणि काय झालं ते त्याच सांगतील. त्यांनी ठोकलेलं प्लायवूड एकदा हातानं दाबून पाहिलं, मग म्हणाल्या, ठीक आहे, मी जरा झोपते. झोपल्यात. घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतोय. हे पत्र तुझ्या घरमालकीणबाईंकडे देऊन मी बस पकडतो, तुझ्या दारावर थाप मारणार नाही. सोमवारी नऊच्या आधी हत्यारांची पेटी घेऊन या घराच्या पायरीवर येऊन बसेन, पण बेल वाजवणार नाही. ती तू वाजव. बेल मालकिणीनं वाजवायची असते.

तुझाच, सोमवारपासून तुझ्या हाताखालचा,
बाबा